ठाण्याला मिळाली, पुण्याला नाही: लोकसभेच्या पोटनिवडणुकीचं गणित

फेब्रुवारी २००८ मध्ये ठाण्याचे खासदार प्रकाश परांजपे यांचं निधन झालं. १९९६ पासून ते लागोपाठ चार वेळा ठाण्यातून निवडून आले होते. तेव्हाच्या लोकसभेची मुदत जून २००९ च्या सुरुवातीला संपणार होती. म्हणजे जागा रिकामी झाली तेव्हा साधारण सव्वा वर्ष शिल्लक होतं. मे २००८ मध्ये पोटनिवडणूक झाली. शिवसेनेकडून त्यांचे चिरंजीव आनंद परांजपे आणि राष्ट्रवादीकडून संजीव नाईक अशी लढत झाली, त्यात आनंद परांजपे निवडून आले. पुढचं वर्षभर दिल्लीत ठाण्याचा आवाज होता.

२९ मार्च २०२३ ला पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे साडेचौदा महिने बाकी. पुण्यात मात्र पोटनिवडणूक झालीच नाही. उच्च न्यायालयाने आदेश दिला तरी झाली नाही. थेट २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीतच पुण्याला खासदार मिळाला.

शिल्लक काळ जवळजवळ सारखा आणि कायदाही तोच. तरी ठाण्याला पोटनिवडणूक मिळाली आणि पुण्याला मिळाली नाही. असं का झालं हे समजलं की पोटनिवडणुकीचा सगळा कायदा समजतो. तो समजून घेणं मला गरजेचं वाटतं, कारण रिकामी जागा ही पक्षाची नसते, खासदाराच्या घराण्याचीही नसते. ती मतदारांची असते, आणि ती किती दिवस रिकामी ठेवायची हा निर्णय आपल्या माघारी घेतला जाऊ नये.

सहा महिने आणि एक वर्ष

मूळ कायदा आहे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. लोकसभेची जागा मध्येच रिकामी झाली तर निवडणूक आयोगाने त्या मतदारसंघाला नवा सदस्य निवडायला सांगावं, असं त्याचं कलम १४९ म्हणतं. पण कधीपर्यंत, हे १९९६ पर्यंत कायद्यात कुठेच नव्हतं. त्या वर्षी कलम १५१-अ घालण्यात आलं. जागा रिकामी झाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेतलीच पाहिजे, हा त्याचा गाभा.

याला दोन अपवाद आहेत आणि सगळा वाद या दोन अपवादांपाशीच होतो. पहिला: त्या सदस्याच्या मुदतीपैकी एक वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर सहा महिन्यांचं बंधन लागू होत नाही. दुसरा: ठरलेल्या काळात निवडणूक घेणं कठीण आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. मुदत सभागृहाची असते. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला नवी पाच वर्षं मिळत नाहीत, लोकसभेचा जेवढा काळ उरला तेवढाच त्याचा. आनंद परांजपे यांना २००८ मध्ये मिळालेली खासदारकी एका वर्षातच संपली. २००९ मध्ये ते पुन्हा लढले आणि जिंकले, पण ते कल्याणमधून. तोवर मतदारसंघांची फेररचना झाली होती आणि पार कल्याण-डोंबिवलीपर्यंत पसरलेला जुना ठाणे मतदारसंघ विभागला गेला होता. त्याच २००९ मध्ये ठाण्यातून निवडून आले ते संजीव नाईक.

पहिला अपवाद वाचायला सरळ वाटतो. थोडक्या महिन्यांसाठी एवढी यंत्रणा कशाला राबवायची, हा विचार चुकीचा नाही. पण थोड्या दिवसांच्या फरकाने काय होतं हे २०१८ मध्ये दिसलं. तेव्हाच्या लोकसभेची मुदत ३ जून २०१९ पर्यंत होती. कर्नाटकातले शिमोगा, बळ्ळारी आणि मंड्या हे तीन मतदारसंघ मे २०१८ च्या तिसऱ्या आठवड्यात रिकामे झाले, तिथले खासदार विधानसभेवर निवडून गेले म्हणून. मुदतीला एक वर्ष आणि वर थोडेसे दिवस उरले होते, म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथे पोटनिवडणुका झाल्या. जिंकलेल्यांना जेमतेम अर्धं वर्ष मिळालं. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातल्या वायएसआर काँग्रेसच्या पाच खासदारांनी विशेष दर्जाच्या मागणीसाठी राजीनामे दिले होते. त्या पाच जागांवर पोटनिवडणूक झाली नाही, कारण त्या जूनमध्ये रिकाम्या झाल्या आणि तेव्हा वर्षाला काही दिवस कमी पडले.

यात एक बारकावा आहे. त्या पाच जणांनी राजीनामे एप्रिलमध्येच दिले होते, ते मंजूर झाले जूनमध्ये. राजीनामा दिल्याने जागा रिकामी होत नाही, अध्यक्षांनी तो स्वीकारल्यावर होते. तो स्वेच्छेने दिला आहे का आणि खरा आहे का याची खातरी करून घेण्याचा अधिकार राज्यघटनेने अध्यक्षांना दिला आहे. दबावाखाली लिहून घेतलेले राजीनामे चालू नयेत म्हणून ही तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे. पण मंजुरीची तारीख एक वर्षाच्या रेषेच्या अलीकडे पडली की पलीकडे, यावर लाखो मतदारांना प्रतिनिधी मिळणार की नाही हे ठरतं. पक्ष कुठलाही असो, यापुढे कोणी राजीनामा दिला की बातमीत दोन तारखा शोधा: दिल्याची आणि स्वीकारल्याची.

वर्ष मोजायचं कुठून, यावरही एकमत नाही. आयोग जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून मोजतो, कर्नाटक आणि आंध्रचा फरक त्यातूनच पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र वेगळा अर्थ लावला आहे: नव्याने निवडून येणाऱ्याला किती काळ मिळेल ते बघा. याच आधारावर त्या खंडपीठाने २०१९ मध्ये काटोलची आणि मार्च २०२४ मध्ये अकोला पश्चिमची जाहीर झालेली पोटनिवडणूक रद्द केली. या विधानसभेच्या जागा होत्या, पण कलम तेच. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा यांचं निधन नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला झालं होतं आणि विधानसभेची मुदत नोव्हेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यापर्यंत होती. आयोगाच्या हिशोबाने एक वर्षाहून जास्त काळ होता, न्यायालयाच्या हिशोबाने कमी. त्याच सुमारास हरियाणात कर्नालची पोटनिवडणूक मात्र मे २०२४ मध्ये झाली, तीही वर्षापेक्षा कमी काळ उरलेला असताना. तिथे मुख्यमंत्री झालेले नायबसिंग सैनी आमदार नव्हते आणि घटनेप्रमाणे त्यांना सहा महिन्यांत सभागृहात यायचं होतं. त्या निवडणुकीला दिलेलं आव्हान तिथल्या उच्च न्यायालयाने फेटाळलं.

एकाच कायद्याचे असे दोन अर्थ वेगवेगळ्या राज्यांत चालू राहणं बरं नाही. अकोल्याच्या मतदाराचा हक्क कर्नालच्या मतदारापेक्षा वेगळा का असावा? संसदेने एक ओळ दुरुस्त केली तर हा घोळ संपेल.

पुण्यात काय झालं

पुण्याला पहिला अपवाद लागू नव्हता, वर्षापेक्षा बराच जास्त काळ उरला होता. आयोगाने वापरला तो दुसरा. पोटनिवडणूक घेणं कठीण आहे असं प्रमाणपत्र ऑगस्ट २०२३ मध्ये देण्यात आलं. दोन कारणं पुढे आली: यंत्रणा २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तयारीत गुंतलेली आहे, आणि निवडून येणाऱ्याला फार थोडा काळ मिळेल.

ही कारणं तपासून बघू. निवडणुका घेणं हेच ज्या संस्थेचं घटनादत्त काम आहे, तिने दुसऱ्या निवडणुकीच्या कामामुळे ही निवडणूक कठीण आहे म्हणावं हे मनाला पटत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पंजाबमधल्या जालंधरची लोकसभा पोटनिवडणूक झाली होती. तिथली जागा जानेवारी २०२३ मध्ये खासदार संतोखसिंग चौधरी यांच्या निधनाने रिकामी झाली होती. फेब्रुवारीत खुद्द पुणे जिल्ह्यात कसबा पेठ आणि चिंचवड या विधानसभेच्या पोटनिवडणुका झाल्या होत्या, म्हणजे यंत्रणा तिथे होती, अनुभवही ताजा होता. आणि काळ कमी मिळेल हे कारण तर पहिल्या अपवादाचं आहे. त्यासाठी कायद्याने एक वर्षाची रेषा आखून दिली आहे. रेषेच्या आत बसत नसलेली जागा दुसऱ्या दाराने त्याच कारणासाठी रिकामी ठेवायची, हे कलमाच्या हेतूशी जुळत नाही.

‘कठीण’ म्हणजे खरोखर काय असतं याचं उदाहरण आपल्याकडे आहे. मेहबूबा मुफ्ती मुख्यमंत्री झाल्यावर २०१६ मध्ये अनंतनागची लोकसभेची जागा रिकामी झाली. एप्रिल २०१७ मध्ये शेजारच्या श्रीनगरच्या पोटनिवडणुकीत हिंसाचार झाला, माणसं मेली आणि मतदान सात टक्क्यांच्या आसपास अडकलं. त्यानंतर अनंतनागचं मतदान आधी पुढे ढकललं, मग रद्द केलं, आणि २०१९ पर्यंत ती जागा तशीच राहिली. तिथल्या मतदारांवर तो अन्यायच होता, पण निवडणूक घेण्यात जिवाचा धोका होता हे कोणी नाकारू शकत नाही. पुण्यात असलं काहीच नव्हतं.

पुण्याच्या एका मतदाराने उच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती कमल खाता यांच्या खंडपीठाने आयोगाचं प्रमाणपत्र रद्द केलं आणि पोटनिवडणूक लगेच घ्यायला सांगितलं. आयोग इतर कामात आहे हे कारण पुरेसं नाही आणि मतदारांना प्रतिनिधीविना ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये या आदेशाला स्थगिती मिळाली. तोवर सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. मे २०२३ च्या अखेरीस खासदार बाळू धानोरकर यांच्या निधनाने रिकामी झालेली चंद्रपूरची जागाही अशीच शेवटपर्यंत रिकामी राहिली.

माझं मत स्पष्ट आहे: कलम १५१-अ मधलं दुसरं दार एवढं रुंद नको. ‘कठीण’ म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात यावी. पूर, साथ, दंगल अशी कारणं त्यात यावीत आणि कामाचा ताण त्यात बसू नये. शिवाय प्रमाणपत्र दिलं की ते कारणांसह त्या मतदारसंघात ठळकपणे जाहीर व्हावं. सहा महिने उलटून गेल्यावर मतदाराला बातमीतून कळावं, हे लोकशाहीला शोभत नाही.

जागा रिकामी राहिली तर बिघडतं काय?

हा प्रश्न अनेकजण प्रामाणिकपणे विचारतात. ठाणे-नवी मुंबईतल्या माणसाला याचं उत्तर अनुभवातून माहीत आहे. नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, ठाण्याची २०२२ मध्ये, आणि पुढच्या निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. मधली सगळी वर्षं प्रशासक होते. गटार तुंबलं, पाणी आलं नाही, तर कोणाच्या दारात जायचं हे कळत नव्हतं. महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचे नियम वेगळे, उशिराची कारणंही वेगळी. पण प्रतिनिधी नसणं कसं असतं ते आपण पाहिलं आहे.

लोकसभेच्या बाबतीत ते एवढं डोळ्यांवर येत नाही, म्हणून जास्त धोक्याचं. लोकल रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत. ट्रान्स-हार्बरवर गाड्या वाढवायच्या, ठाणे स्थानकावरचा ताण कमी करायचा, खाडीकिनाऱ्यावरच्या मिठागरांच्या जमिनीचं काय होणार हे विचारायचं, तर ते संसदेत विचारायला हवं. खासदार लेखी प्रश्न विचारतो तेव्हा मंत्रालयाला आकड्यांसह उत्तर द्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं. आमदार किंवा नगरसेवक कितीही चांगला असला तरी हे त्याच्या हातात नाही. राज्यसभेचे खासदार मदत करू शकतात, पण ते सगळ्या राज्याचे, एका मतदारसंघाला बांधील नाहीत. खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी असतात. आधी मंजूर झालेली कामं चालू राहतात, पण मतदारसंघासाठी नवी कामं सुचवणारा लोकसभा सदस्यच नसतो.

एका मताने काय फरक पडतो असं वाटत असेल तर १९९९ चा एप्रिल आठवा. वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडलं होतं.

जागा रिकामी होते कशी

निधन आणि राजीनामा हे नेहमीचे मार्ग. राजीनाम्यामागे बहुतेकदा दुसरी खुर्ची असते: योगी आदित्यनाथ मुख्यमंत्री झाले म्हणून गोरखपूरला मार्च २०१८ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि भाजपने आपला बालेकिल्ला गमावला. कधी कारण पक्षांतर असतं. उदयनराजे भोसले यांनी २०१९ मध्ये निवडून आल्यावर काही महिन्यांतच राष्ट्रवादी सोडून राजीनामा दिला, भाजपकडून पुन्हा लढले आणि साताऱ्याच्या मतदारांनी श्रीनिवास पाटील यांना निवडून दिलं. ती पोटनिवडणूक विधानसभेच्या मतदानासोबतच, २१ ऑक्टोबरला झाली. पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपात्र ठरल्यावरही जागा जाते.

दोन जागा जिंकल्या तर एक सोडावी लागते, निकालानंतर चौदा दिवसांत. २०२४ मध्ये राहुल गांधी रायबरेली आणि वायनाड दोन्हीकडून जिंकले, वायनाड सोडलं आणि नोव्हेंबरमध्ये तिथून प्रियांका गांधी निवडून आल्या. १९९६ पासून एका वेळी दोनच जागा लढवता येतात, त्याआधी तर तेवढीही मर्यादा नव्हती. एकाच जागेची मर्यादा घालावी, नाहीतर सोडलेल्या जागेच्या पोटनिवडणुकीचा खर्च त्या उमेदवाराकडून वसूल करावा, असं आयोगाने २००४ मध्येच सुचवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा विषय संसदेवर सोडला. मला आयोगाची ती सूचना रास्त वाटते. मतदारांनी उन्हात उभं राहून दिलेलं मत उमेदवाराची सोय म्हणून बाजूला पडू नये.

शिक्षा झाल्यावर जागा जाते तो प्रकार सगळ्यात गुंतागुंतीचा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की सदस्यत्व जातं. २०१३ पर्यंत अपील केलं की ते टिकायचं. ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात रद्द केली. आता अपात्रता लगेच लागते, पण वरच्या न्यायालयाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली तर सदस्यत्व परत येतं. मग घाईने पोटनिवडणूक घेतली तर? जानेवारी २०२३ मध्ये लक्षद्वीपचे खासदार मोहम्मद फैजल यांना शिक्षा झाली, आयोगाने २७ फेब्रुवारीला मतदान जाहीरही केलं, आणि केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धी स्थगित केली. आयोगाला ती पोटनिवडणूक थांबवावी लागली. त्यामुळे मार्च २०२३ मध्ये राहुल गांधी अपात्र ठरल्यावर वायनाडबाबत आयोगाने घाई केली नाही, आणि ऑगस्टमध्ये त्यांचं सदस्यत्व परत आलं. या प्रकारात सहा महिन्यांची मुदत उपयोगी पडते: अपिलाला वेळ मिळतो आणि मतदारालाही फार ताटकळावं लागत नाही.

परवानगीशिवाय साठ दिवस सभागृहात गैरहजर राहिलं तर सभागृह जागा रिकामी जाहीर करू शकतं, अशीही तरतूद आहे. ती सहसा वापरली जात नाही.

बोलताना हमखास येणारा एक प्रश्न: दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला का बसवत नाहीत, खर्च वाचेल की. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला बहुसंख्य मतदारांनी नाकारलेलं असतं. शिवाय काळ बदलतो, मत बदलतं. पक्षाला परस्पर दुसरा माणूस नेमता येत नाही तेही त्याचसाठी. लोकसभेची जागा मतदारसंघाच्या नावावर असते.

राज्यसभेचं मात्र वेगळं आहे. तिथे आमदार मतदान करतात, आपण नाही. पीयूष गोयल आणि उदयनराजे २०२४ मध्ये लोकसभेवर गेल्यामुळे महाराष्ट्रातल्या राज्यसभेच्या दोन जागा रिकाम्या झाल्या आणि त्या बिनविरोध भरल्या गेल्या.

कार्यक्रम कसा लागतो

सार्वत्रिक निवडणुकीची अधिसूचना राष्ट्रपतींच्या नावाने निघते, पोटनिवडणुकीची निवडणूक आयोग काढतो. पुढचे टप्पे कायद्याने बांधलेले आहेत. शेजारचंच उदाहरण घेऊ. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथले खासदार चिंतामण वनगा यांचं निधन ३० जानेवारी २०१८ ला झालं, म्हणजे ३० जुलैच्या आत मतदान व्हायला हवं होतं. अधिसूचना निघाली ३ मे रोजी, अर्ज १० मेपर्यंत, छाननी ११ ला, माघार १४ पर्यंत, मतदान २८ मे आणि निकाल ३१ मे. अधिसूचनेनंतर अर्जांना सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, माघारीनंतर मतदानाआधी किमान चौदा दिवस, हा साचा सगळीकडे तोच.

त्याच दिवशी भंडारा-गोंदियातही मतदान होतं. तिथे नाना पटोले यांनी राजीनामा दिला होता. मेच्या उन्हात मताची छापील चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रं बिघडली आणि काही केंद्रांवर ३० मे रोजी फेरमतदान घ्यावं लागलं. पोटनिवडणूक कुठल्या महिन्यात घ्यायची, हा निर्णय वाटतो तेवढा साधा नसतो. जवळपास दुसरी निवडणूक असेल तर आयोग दोन्ही जोडतो. नांदेडचे खासदार वसंत चव्हाण यांचं ऑगस्ट २०२४ मध्ये निधन झालं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसोबतच मतदान झालं. त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले.

यावरून एक सांगावंसं वाटतं. निधनानंतर घरातल्या उमेदवाराविरुद्ध कोणी उभं राहू नये, असा आग्रह आपल्याकडे धरला जातो. त्यामागची माणुसकी मला मान्य आहे. पण निवडणूक श्रद्धांजलीसाठी नसते. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या विधानसभा पोटनिवडणुकीत भाजपने उमेदवार मागे घेतला तेव्हा दिवंगत आमदारांच्या पत्नी ऋतुजा लटके यांच्या खालोखाल मतं ‘नोटा’ला पडली, १२,८०६. एवढ्या लोकांनी बाहेर पडून ‘यापैकी कोणी नाही’ असं सांगितलं, ते दुर्लक्षून चालणार नाही. नांदेडात लढत झाली, पालघरात वनगा यांचे चिरंजीव शिवसेनेकडून आणि राजेंद्र गावित भाजपकडून लढले, गावित जिंकले. मतदारांना निवड करता आली, तेच खरं.

ठाण्यात लागली तर

समजा कधी ठाणे मतदारसंघात पोटनिवडणूक लागली, तर मतदान कोणाला? मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर या सहा विधानसभा क्षेत्रांतल्या मतदारांना. एकूण पंचवीस लाखांच्या घरात मतदार. घोडबंदर रोडवाले असतील, वाशी-नेरूळवाले असतील. खाडीपलीकडचे कळवेकर नसतील, कारण मुंब्रा-कळवा कल्याण लोकसभेत येतं. खारघर-कामोठेकरही नसतील, पनवेल मावळमध्ये आहे. आपल्या गल्लीत आचारसंहिता लागली की नाही यावरूनही गोंधळ होतो: महापालिका क्षेत्रातल्या पोटनिवडणुकीची आचारसंहिता साधारणपणे त्या मतदारसंघापुरती असते, ग्रामीण भागात ती सगळ्या जिल्ह्याला लागते.

भाड्याचं घर बदललेल्यांनी इथे जास्त लक्ष द्यायला हवं, आणि आपल्याकडे असे लोक फार. मतदार यादीत नाव असेल तरच पोटनिवडणुकीत मतदान करता येतं. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्यात नाव चढत नाही. म्हणजे अधिसूचनेनंतर हातात जेमतेम आठवडा, आणि तपासणीला वेळ लागतो म्हणून खरं तर त्याहून कमी. जागा रिकामी झाल्याची बातमी आली की त्याच दिवशी यादीत नाव बघावं. नवं नाव असेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. अठरा पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारी ही एकच तारीख नाही. १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही धरल्या जातात.

आणि सुट्टी. पोटनिवडणुकीला मुंबईतलं ऑफिस चालू असतं, तिथे निवडणूक नसते, आणि ठाणेकर सवयीने ८.२० ची लोकल पकडतो. कायद्याचं कलम १३५-ब सांगतं की मतदानाच्या दिवशी मतदाराला पगारी सुट्टी मिळाली पाहिजे, रोजंदारीवर असला तरी. आयोगाने स्पष्ट केलं आहे की कामाची जागा मतदारसंघाबाहेर असली तरी हा हक्क जात नाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामांचा तेवढा अपवाद आहे. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीतही ठाण्यात मतदान ५२ टक्क्यांच्या आसपासच थांबलं होतं, आणि पोटनिवडणुकीला लोक त्याहून कमी बाहेर पडतात. ऑफिसात आधीच कळवून ठेवा, कलमाचा आकडा सांगा, आणि मतदान करा.